बाबांच्या खुर्चीवरचे शब्द

मंगळवार, ४

ताईने 'दोन दिवसांसाठी ये' म्हणून बोलावलं, त्याला आठवडा होऊन गेला. येत्या सोमवारी निघतो. इतके दिवस एका जागी मी आजवर फक्त आजारपणात राहिलोय. चालून चालून पाय दुखतात, पण बसून सगळंच दुखतं.

ही डायरी ताईच्या वॉर्डातली, औषध कंपनीवाल्याने फुकट वाटलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची बाटली छापलीय, त्यामुळे काहीही लिहिलं तरी शेवट बाटलीपाशीच होतो. घरात मोठ्याने बोलायची सोय नाही म्हणून लिहितोय. ताई नर्स आहे, कायमची रात्रपाळी. सकाळी येते आणि दिवसभर झोपते, म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. खाली कुणीतरी सारखं पत्रा ठोकत असतं. ती झोपली की मी आणि बाबा कुजबुजत भांडतो. कुजबुजत भांडायला फार ताकद लागते.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत. उजवी बाजू लुळी पडल्यापासून तीच त्यांची कचेरी. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता चौथ्या मजल्यावर अडकलेत, कारण आमच्याच बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे. ताई त्यांना उठवते ते बघण्यासारखं असतं. गुडघा खुर्चीला लावते, हात काखेखाली घालते, "एक, दोन, वर", की एवढा आडव्या अंगाचा माणूस उभा. मी पुढे झालो तर म्हणाले, "तू राहू दे. तुझा हात लागला की वस्तू जाते." लहानपणी मी त्यांचा रेडिओ उघडला होता, त्याचं अजून चाललंय.

बुधवार, ५

ताईने का बोलावलं ते आज कळलं. सोळा तारखेला तिची इंग्रजीची परीक्षा आहे. पास झाली तर परदेशातल्या एका हॉस्पिटलात नोकरी. मी विचारलं, "तिथे असं काय आहे?" तिने भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "तिथे मला दिवसपाळी देणारेत. मला रात्री झोपायचंय रे. बाकी काही नको."

बोलते ती ठीक. अडतं ते एका पानावर. त्या पानावर सगळे शब्द सारख्याच अक्षरांनी सुरू होणारे असतात आणि प्रत्येकाचा अर्थ लिहायचा असतो. परीक्षावाले मुद्दाम तसं करतात. एकाच कापडाचे शर्ट घालून भावकी रांगेत उभी केल्यासारखं. सगळे ओळखीचे, पण कोण काका आणि कोण मामा ते सांगता येत नाही. मागच्या दोन वेळा ती तिथेच नापास झाली.

"तू पाट्या रंगवायचास ना? तुला इंग्रजी अक्षरं येतात."

"अक्षरं येतात. अर्थ पेंटर सांगायचा नाही, मी विचारायचो नाही."

"मग विचार आता," म्हणाली आणि जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर टाकून झोपायला गेली.

शुक्रवार, ७

दोन दिवस घोकंपट्टी केली. मी वाचायचं, तिने अर्थ सांगायचा. तिसऱ्या शब्दाला तिचे डोळे मिटतात, पाचव्याला मान पडते. मलाही जांभया. बाबा म्हणाले, "दोघं मिळून झोपेचा क्लास काढा."

तेव्हा मला तो वेटर आठवला. मी एका हॉटेलात भांडी घासत होतो तिथला. (ते हॉटेल मी का सोडलं तो वेगळाच किस्सा. मालकाचा पोपट. पुन्हा कधीतरी.) तो ऑर्डर कधी लिहून घ्यायचा नाही. म्हणायचा, मी सगळं मनात माझ्या घरी नेऊन ठेवतो. सूप जिन्यावर, पाव देवळीत, चहा आईच्या उशाशी. मग मनातल्या मनात घरात फिरायचं आणि एकेक उचलून आणायचं. एकदाही चुकला नाही.

तेच करायचं ठरवलं. सारख्या अक्षरांचं एक कुटुंब, त्याला घरातली एक जागा. मी चिठ्ठ्या रंगवल्या, पाट्यांसारख्या ठसठशीत, आणि 'कॉन'वाले ओट्यावर चिकटवले. कन्सील म्हणजे लपवणं, तो डब्यामागे. कन्सोल म्हणजे समजूत घालणं, तो साखरेच्या डब्यावर. कन्सेन्ट म्हणजे संमती, तो ताईला आधीच पाठ, ऑपरेशनच्या आधी सही घेतात ना. मी म्हटलं, कंटाळाही याच घरातला वाटतो. ताई हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

'डिस'वाले न्हाणीघरात. 'प्री'वाले दारावर. प्रिव्हेन्ट म्हणजे होऊ न देणं, तो कडीला.

शनिवार, ८

सर्वात मोठं खटलं 'आर-ई'चं. पुस्तकात पानंच्या पानं. एवढ्यांना जागा पुरेल अशी घरात एकच वस्तू, बाबांची खुर्ची. शिवाय बाबा हलत नाहीत, म्हणजे चिठ्ठ्याही हलणार नाहीत. पाठीला, हातांना, पायांना, सगळीकडे लावल्या.

"मी काय दुकान आहे?" बाबा.

"दुकान नाही, गोडाऊन."

"बरं. काय काय माल आहे ते तरी सांग."

मग त्यांना वाचून दाखवलं. रिफ्यूज, नाही म्हणणं. रिकव्हर, बरं होणं. रिलॅप्स, बरं होता होता पुन्हा पडणं. रिग्रेट, मागाहून वाईट वाटणं. रिमेन, मागे उरणं. रिलीव्ह, पाळीवरच्या माणसाला मोकळं करणं. 'रेस्टलेस'चा अर्थ मी पुस्तकात शोधत होतो, तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "हा."

ते मला भोवरा म्हणतात. गरगर फिरतो आणि शेवटी आडवाच होतो, म्हणून.

मंगळवार, ११

सोमवारी गेलो नाही. परीक्षा होईपर्यंत थांबतो.

ताई ड्युटीवरून आली की चपला काढते आणि तशीच घरभर फिरते. डोळे अर्धे मिटलेले. ओट्यावर हात ठेवते, 'कॉन' म्हणते. न्हाणीघराच्या चौकटीला टेकून 'डिस'. चुका होत नाहीत म्हटलं तरी चालेल. शेवटी खुर्चीपाशी येते. तिथे वेळ लागतो, कारण मध्येच बाबांचं काहीतरी निघतं. पाय सरळ करून हवा असतो, पाठीला उशी हवी असते. रिमेनला हात लावता लावता उशी ठीक करते. रिलीव्ह म्हणता म्हणता "एक, दोन, वर".

मी म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं धीर धरा की."

"मी कुठे काय म्हणालो? तीच करते."

खरं आहे. ते म्हणत नाहीत, तीच करते.

तिने कपाटातला एक कप्पा रिकामा केला आणि माझे कपडे त्यात ठेवले. पिशवीत चुरगळतात म्हणाली. ड्युटीवरून येताना माझ्यासाठी घरात घालायच्या चपलाही आणल्या. फरशी गार असते, तिला माझी काळजी. मी कधी घरात घालायच्या चपला वापरल्या नव्हत्या. मजेशीर वाटतं. पायांना वाटतं आता कुठेच जायचं नाही.

शनिवार, १५

उद्या परीक्षा. मेट्रनने सुट्टी नाकारली, म्हणजे ताई रात्रभर ड्युटी करून तशीच तिथे जाणार. तोंडावर पाणी मारते म्हणाली.

ती गेल्यावर बाबांची सोय काय, हा प्रश्न आज सहज मनात आला. ताईने ठरवलंच असेल. ती चहात साखरसुद्धा आधी ठरवून घालते. विचारलं नाही, परीक्षेच्या तोंडावर तिला कशाला त्रास.

रविवार, १६

दुपारी आली. "पेपर कसा गेला?" "गेला." जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. पत्रा ठोकणं चालूच होतं. मी खाली जाऊन सांगून आलो, आज जरा थांबा. तो म्हणाला, "कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, दमलंय."

सोमवार, १७

आज सांगितलं. बाबांना डुलकी लागली होती, आम्ही ओट्यापाशी उभे होतो.

पानावर 'आर-ई'च आले होते. "मला आनंद झाला रे. सगळे आपलेच. डोळे मिटले आणि घरात शिरले. खुर्चीपाशी गेले, तर त्यात बाबा. हे असे उजवीकडे कलंडलेले. दुपारी कलंडतात ना तसे. म्हटलं आधी सरळ करू, मग शब्द बघू. गुडघा लावला, हात घातला. उठेचनात. एक, दोन, वर. पुन्हा एक, दोन. घंटा झाली तेव्हा मी तिथेच होते."

"पण ते खरे बाबा नव्हते ना ताई! मनातले होते. मनात सोडून द्यायचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दमलेल्या माणसाला रागवायचीही उस्तवार नको असते. "तुला जमेल ते," म्हणाली.

मी तिचा हिशेब नीट समजून घेतला. चूक माझी आहे. जागा निवडताना हलणारी-बोलणारी वस्तू घ्यायची नाही हे वेटरने सांगितलं नव्हतं, पण मला सुचायला हवं होतं.

शनिवार, २२

निकाल आला. त्या एका पानामुळे नापास, बाकी सगळं उत्तम. पुढच्या महिन्यात चौदा तारखेला आणखी एकदा बसता येतं. त्यानंतर ती नोकरी दुसऱ्या कुणाला. ताई म्हणाली, "राहू दे. पुष्कळ झालं. रात्रपाळीने कुणी मरत नाही."

बाबा म्हणाले, "बसायचं."

"बाबा, नको."

"मी तुला विचारत नाहीये, सांगतोय. बसायचं."

ताई उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

बुधवार, २६

'आर-ई'वाल्या सगळ्या चिठ्ठ्या खुर्चीवरून काढून खिडकीच्या गजांना लावल्या. उपयोग नाही. ताई खिडकीशी उभी राहते, डोळे मिटते आणि म्हणते, "मी खुर्चीपाशीच जाते रे. शब्द तिथेच बसलेत." पुन्हा खुर्चीवर लावल्या. एकदा ठेवलेलं हलत नाही. त्या वेटरला आता शिव्या घालाव्याशा वाटतात.

मला इथे झोप येत नाही आणि दिवसा जागही येत नाही. कुठल्यातरी रस्त्याला लागलो असतो तर आत्ता एखाद्या ट्रकवाल्याशी गप्पा मारत असतो. एक ट्रकवाला होता, तो पेंगायला लागला की मोठमोठ्याने बायकोचं नाव घ्यायचा. असो.

गुरुवार, २७

ताई झोपल्यावर बाबांनी मला हाक मारली. हळू.

"चिठ्ठ्या हलत नाहीत ना?"

"नाही."

"मग मला हलव."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "भोवऱ्या, डोकं आहे का भोपळा? ती इथे येते तेव्हा मी इथे नसलो पाहिजे. खुर्ची मोकळी दिसली पाहिजे. आज, उद्या, रोज. तोपर्यंत मला तू उठवायचं."

"तुम्हीच म्हणता, माझा हात लागला की वस्तू जाते."

"रेडिओ गेला. मी अजून आहे. चल, गुडघा लाव."

लावला. "एक, दोन, वर." वर आलेच नाहीत. आम्ही दोघं अर्धवट वाकून तसेच, एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड. त्यांना घाम फुटला. एवढं जवळून मी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या भुवईत एक खूण आहे, कशाची ते माहीत नाही. हळूच पुन्हा बसवलं.

"पाडलं तरी चालेल," म्हणाले. "पण गपचूप पाड. ती उठेल."

शुक्रवार, २८

ताईला सांगितलं, शिकव. बाबांच्या कमरेला धरायला पट्टा हवा म्हणाली, हॉस्पिटलात असतो तसा रुंद आणि मऊ. घरात तसलं काही नव्हतं. माझ्या पिशवीचे पट्टे होते. पाच वर्षं खांद्यावर घासून अगदी लोण्यासारखे झालेत. दोन्ही कापून एकाला एक जोडून शिवले. छान झाला. पिशवी काय, दुसरी घेता येईल.

ताई माझ्याकडे बघत उभी होती. मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "दोरा दुहेरी घे."

मग शिकवलं. ओढायचं नाही. माणूस ओढला की तो मागे जातो. आपण त्याच्याजवळ जायचं, आपलं वजन त्याला द्यायचं आणि त्याने पुढे झुकायची वाट बघायची. "तू वाट बघत नाहीस," म्हणाली. "तू उचलायला जातोस."

वाट बघितली. बाबा झुकले. वर!

बुधवार, ३

जमायला लागलंय. कंबर मोडली आहे, ते वेगळं. ताई यायच्या आधी बाबांना उठवतो, कोपऱ्यात घडी करून ठेवलेली असते त्या चाकाच्या खुर्चीत घालतो आणि बाहेर जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत नेतो. तिथे समोर बंद लिफ्ट. बाबा तिच्याकडे बघत बसतात, जुन्या सासुरवाडीकडे बघावं तसे.

"दार चांगलं आहे," म्हणाले. "बाकी सगळं गेलंय."

"कुणासारखं?"

"तुझ्या बापासारखं."

आत ताई रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहून शब्द म्हणते. बाहेर ऐकू येतं. तिचं कुठे अडलं तर बाबा पुटपुटतात, त्यांना सगळे पाठ झालेत. मी "श्शू" म्हणतो. पहिले दोन दिवस ती मध्येच दारात येऊन बघून जायची. मग बाबा खेकसायचे, "आत जा." काल अर्ध्या वाटेवरून परत गेली. आज आलीच नाही.

खरं तर बाबांना बरं वाटलं असेल असं मी धरून चाललो होतो. पण आज ती आली नाही तेव्हा ते दाराकडे बघत होते. मी म्हटलं, "पाठीला काही हवंय का?" म्हणाले, "नको." थोड्या वेळाने, "उशी दे." दिली. "अशी नाही." फिरवली. "हां."

मंगळवार, ९

कंटाळा आला. स्पष्ट लिहितो. आज सकाळी चपला न घालता, बूट घालून खाली गेलो. नाक्यापर्यंत गेलो. तिथे माल भरून निघालेला ट्रक होता, ड्रायव्हर म्हणाला, "येतोस?" त्याने कुठे जाणार तेही सांगितलं नाही, मला आवडतात तसली माणसं. पाय ठेवायला फळीही छान होती.

पण बाबांना उठवायची वेळ झाली होती. ताई तोवर यायची आणि खुर्चीत ते दिसले असते तर सगळी मेहनत पाण्यात. चौदा तारखेपर्यंत तरी हे असं आहे.

जिने चढून आलो. बाबा म्हणाले, "बूट कशाला?" मी म्हटलं, "चपला सापडेनात." चपला त्यांच्या समोरच होत्या.

शनिवार, १३

उद्या. या वेळी ताईने सुट्टी मागितलीच नाही, पाळी बदलून घेतली. म्हणजे आज रात्री घरी आहे. आडवी पडलीय, झोप नाही. तिला रात्री झोपायची सवयच राहिली नाही. तिथे गेल्यावर कसं होणार?

रविवार, १४

सकाळी ती निघाली तेव्हा बाबा खुर्चीत होते. दारातून तिने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी मला हाक मारली, "भोवऱ्या, पट्टा." तिच्यादेखत उठवलं. एकदाही अडखळलो नाही. चाकाच्या खुर्चीत बसून म्हणाले, "बघितलंस? आता जा."

आम्ही दोघं बाहेर लिफ्टसमोर बसून राहिलो. आत जायला बाबा तयार नव्हते. "ती लिहीत असेल. आत्ता खुर्चीत बसलो तर तिला दिसेन." मी म्हटलं, असं नसतं बाबा. ते म्हणाले, "तुला काय माहीत कसं असतं?" बाहेरच जेवलो. मी भरवलं, त्यांनी अर्धं माझ्याच अंगावर सांडलं आणि मलाच बोलले.

दुपारी जिन्यावर ताईच्या चपला वाजल्या. हळू, एकेक पायरी. वर आली, आम्हाला बघून थांबली.

"आलं का ते पान?" मी.

"आलं."

"आर-ई?"

"नाही, दुसरेच होते. 'कॉन'. ओट्यावरचे. सगळे लिहिले." कठड्याला टेकली. "पण मनात ओट्याकडे जाता-येता खुर्चीकडे बघितलं. बघायलाच लागतं ना."

"मग?"

"मोकळी होती," म्हणाली. "म्हटलं यांना नेलं कुठे? मग म्हटलं, असेल हा कुठेतरी घेऊन गेलेला. आणि पुढचा शब्द लिहिला."

बाबांनी लिफ्टच्या दाराकडे तोंड फिरवलं.

ती आत गेली. पाणी पिते म्हणाली. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावलो. बाबांच्या खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर, चपला पायातच. चिठ्ठ्यांवर मान टाकून गाढ झोपलेली. खाली पत्रा ठोकणं चालू होतं, तिला पत्ता नव्हता.

बाहेर येऊन सांगितलं.

"झोपू दे," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आता मी कुठे बसू?"

"जरा थांबा की."

"मी थांबतोच आहे. तू थांब."

हे मी पायरीवर बसून लिहितोय. कलंडायची वेळ झालीय त्यांची. पट्टा हातात आहे.